शहाण्णव तासांचे मासे

मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला सरकार हात लावत नाही. या देशात ज्या थोड्या गोष्टी अजून पवित्र उरल्या आहेत त्यांतली ही एक, आणि हे पावित्र्य कायद्याने दिलेलं आहे. कायदा समजावून सांगणारी पुस्तिका नव्वदेक पानांची आहे. पावित्र्य पहिल्या अर्ध्या पानात आटोपतं.

मार्लीन कोबलला आलेलं पत्र उरलेल्या पानांतून आलं होतं. जानेवारीतला मंगळवार होता. हॉस्पिटलच्या धुलाईघरातली पहाटेची पाळी संपवून ती दुपारी घरी आली, बर्फात घालायचे बूट दारात न काढता तशीच स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याने पत्र वाचलं. मग बसून वाचलं. एरवी कुणी बूट घालून तिच्या फरशीवर आला तर ती न बोलता त्याच्या हातात फडकं देते. तीनच्या सुमाराला टेसा, तिची नात, शाळेतून आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती आणि बुटांभोवती पाण्याचं तळं झालं होतं.

"आजी, तू बूट घालून बसलीयेस."

"माहितीये."

"काय झालं?"

"मी पैसे खाल्ले म्हणतायत."

"कुणाचे?"

"तुझे."

टेसा बारा वर्षांची आहे. तिने दप्तर खाली ठेवलं आणि जरा विचार केला. "किती?"

"सात हजार चारशे."

"मग केलंस काय त्याचं? गाडी तर तीच आहे."

पत्रात खाल्ले असा शब्द नव्हता. सरकारी पत्रं सभ्य असतात. त्यात एवढंच होतं की २०२२ साली आपण शिक्षणाच्या बचत खात्यातून ७,४०० डॉलर काढल्याची नोंद आमच्याकडे आहे, त्यांपैकी २,९६० डॉलर ही खात्याने मिळवलेली वाढ, आणि ही रक्कम शिक्षणासाठी खर्च झाल्याचं आपल्या विवरणावरून दिसत नाही. सबब त्या वाढीवर कर, आणि पैसे शिक्षणाबाहेर वापरल्याबद्दल वर दहा टक्के दंड. एकूण सहाशे एक्कावन्न, व्याज वेगळं. खाली दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं 'मी सहमत आहे', दुसऱ्यात 'मी सहमत नाही'. सहीची जागा मात्र चांगली ऐसपैस होती.

खातं ग्रेगने उघडलं होतं, टेसा जन्मली त्या आठवड्यात. ग्रेग मार्लीनचा एकुलता एक. तेलाच्या कारखान्यात पाइप जोडायचं काम करायचा. चौतिसाव्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेला. टेसाची आई त्याच्या आधीच फिनिक्सला दुसऱ्या संसारात गेली होती. शेवटच्या आठवड्यात ग्रेगने खातं आईच्या नावावर केलं आणि म्हणाला, "हे तिच्या शाळेला. दुसरं काही अडलं तर माझा ट्रक वीक." मार्लीनने ट्रक विकला. खात्याला हात लावला नाही, फीशिवाय.

आता फीचा पैसा त्या खात्यातून थेट शाळेच्या नावाने पाठवता आला असता, हे खरं. पण आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एक चर्च आणि त्याची शाळा धरून असलेल्या मंडळीत, फी पाठवत नाहीत, नेऊन देतात. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली की शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडतात. घरातलं मोठं माणूस मुलाला बरोबर घेऊन रांगेत उभं राहतं, स्वतःच्या हाताने चेक देतं, पावती घेतं आणि डोनट खातं. पोस्टाने फी पाठवणारं कुटुंब एकतर फ्लोरिडात असतं नाहीतर घटस्फोटात. म्हणून मार्लीनने पैसे आपल्या नावावर घेतले, सुवाच्य अक्षरात चेक लिहिला आणि टेसाला इस्त्रीचा फ्रॉक घालून रांगेत उभी राहिली. पैसे तिच्या नावावर आले, म्हणून वर्षअखेरीचा तपशीलही तिच्याच नावाने कर खात्याकडे गेला. त्यात किती काढले ते होतं. रांगेसाठी आणि पावतीसाठी रकाना नव्हता.

हे झालं केंद्र सरकारचं. आमच्या इलिनॉय राज्याचं मत याहून कडक आहे. राज्याच्या मते शिक्षण कॉलेजात सुरू होतं. त्याआधीची बारा वर्षं मुलं शाळेत काय करतात हे राज्याने अजून कळवलेलं नाही. त्यामुळे ग्रेगला पूर्वी दिलेली करातली सूट राज्याने परत मागितली होती. ती मार्लीनने निमूट भरली, कारण त्या कागदावर फक्त आकडा होता. पैसे कशाला वापरले, यावर तिची सही कुणी मागितली नव्हती.

कर्ट हा तिच्या बहिणीचा मुलगा. मोठ्या रस्त्यावर, नखं रंगवायचं दुकान आणि बंद पडलेलं बुटांचं दुकान यांच्या मधे बसून तो लोकांची कर-विवरणं भरतो. मार्लीन दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन त्याच्याकडे गेली.

"एवढंच ना मावशी? असली दिवसाला तीन येतात," कर्ट म्हणाला. "माणसाने नाही लिहिलेलं हे, मशीनने लिहिलंय. काढलेले दिसतात, खर्च दिसत नाही, की सोडलं पत्र. फीची पावती आण उद्या."

पावती तिने आणलीच होती. ऑगस्टचं बिल, ७,४००, 'पूर्ण मिळाले' असा जांभळा शिक्का. कर्टने ते फॅक्सच्या मशीनमध्ये सरकवलं. मशीन कण्हलं आणि कागद पलीकडून बाहेर आला.

"झालं. जा घरी."

"पण ते सगळे नाही लागले," मार्लीन म्हणाली.

"काय नाही लागले?"

"फीला. शाळेने डिसेंबरात अकराशे बावन्न परत दिले मला. माझ्या तासांचे."

कर्टने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे फॅक्सच्या आधी सांगायचं असतं, मावशी."

"तू विचारायचं असतं."

तासांचं असं आहे की आमची शाळा फीवर चालत नाही, माशांवर चालते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस खायचं नाही, म्हणून आम्ही चर्चच्या तळघरात जमून तळलेला मासा खातो, बटाटे आणि कोबीसकट, आणि इतका खातो की उपवास सोडायला पुढे आठवडा लागतो. आजूबाजूच्या चार गावांतून माणसं येतात. मुलाला शाळेत घातलेल्या प्रत्येक घराने वर्षाला चाळीस तास राबायचं, आणि चाळीसच्या वर जो राबेल त्याला तासाला बारा डॉलर फीत वळते. तळघरातल्या फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर ज्याने त्याने आपले तास लिहायचे. कुणी तपासत नाही. खोटे तास लिहिल्याचं एकच उदाहरण आहे आणि त्या माणसाला पुढे गाव सोडून जावं लागलं.

मार्लीन तळणीवर असते. सात शुक्रवार, आदल्या दिवसांची तयारी, आणि जुलैत पॅरिशच्या जत्रेचे चार दिवस. त्या वर्षी तिचे चाळीसच्या वर शहाण्णव तास भरले. शहाण्णव गुणिले बारा.

"म्हणजे फी झाली सहा हजार दोनशे अठ्ठेचाळीस," कर्ट म्हणाला. "काढलेस तू सात हजार चारशे. वरचे जे आहेत ते शिक्षणाबाहेर."

"शिक्षणाबाहेर कसे? तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिला चष्मा केला त्याचा. उरले त्यात क्लॅरिनेट घेतलं, जुनं. शाळेच्या बँडला."

"कॉलेजला पुस्तकंबिस्तकं धरतात. शाळेला त्या साली फक्त फी."

"म्हणजे फळा दिसणं हे शिक्षणात नाही."

"नाही."

"बरं. ते पैसे परत त्या खात्यात टाकले असते तर?"

"कॉलेजने परत दिलेले टाकता येतात, साठ दिवसांत. शाळेने परत दिलेल्यांचं काही म्हटलेलं नाही." कर्टने चष्मा पुन्हा चढवला. "मावशी, माझं ऐक. बिल गेलंय, त्यावर शिक्का आहे, गप्प बसायचं. यातच मिटेल ते."

"ते बिल पूर्ण खरं नाही."

"ऑगस्टात खरं होतं ना?"

"ऑगस्टात माझं वजनही कमी होतं."

कर्टने सुस्कारा टाकून हिशोबाच्या यंत्रावर बोटं चालवली. जास्तीच्या अकराशे बावन्नातला वाढीचा भाग, त्यावर कर, वर दहा टक्के. "एकशे एक डॉलर. सगळे धरून. खरंच बोलायचं असेल तर एवढं खरं बोल. पत्रावरच्या चौकोनात खूण कर, खाली लिही की इतके पैसे शिक्षणासाठी वापरले नाहीत हे मान्य, सही कर, चेक जोड. मिटलं."

"चेक देते. ते वाक्य नाही लिहून देणार."

"अगं, चेक दिला म्हणजे वाक्य आलंच की त्यात."

"नाही आलं."

"माझं एक गिऱ्हाईक आहे," कर्ट वैतागून म्हणाला. "तीन मुलं टेकडीवरच्या अकादमीत. दर वर्षी मुलामागे दहा-दहा हजार काढतो तो, बरोब्बर कायद्याने जेवढे काढता येतात तेवढे. आजवर एक पत्र नाही आलं त्याला. तू कशाला एवढं धरून बसलीस?"

"तो मासे तळतो?"

"तो? त्याला अंडं तळता येत नसेल."

"म्हणूनच," मार्लीन म्हणाली आणि हातमोजे घालायला लागली.

कर्टला कळत नव्हतं असं नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीच न काढणारी ती गोष्ट आहे. टेकडीवरच्या त्या अकादमीत पूर्वी नन मुलींची शाळा चालवायच्या, आणि चौदाव्या वर्षी मार्लीनला तिथे प्रवेश मिळाला होता. परीक्षेत ती तिसरी आली होती. तिच्या आजीने कॉफीच्या डब्यात बारा वर्षं पैसे टाकून सहाशे डॉलर साठवले होते, त्याच कामासाठी. जूनमध्ये मार्लीनच्या बापाने त्या पैशांची ॲल्युमिनियमची बोट घेतली, मोटरसकट. आजीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, मुलीला शेवटी कपडेच धुवायचे आहेत. मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्याने बोटीला मुलीचं नाव दिलं. बाजूवर निळ्या रंगात 'मार्लीन' लिहिलं आणि अकरा उन्हाळे तिच्यात बसून मासे धरले. सतराव्या वर्षी मार्लीन हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. बापाच्या अंत्यविधीला ती गेली होती, पण कामाचे कपडे घालून गेली होती.

तर एका पोरीच्या शाळेचा पैसा दुसरीकडे वळवला, हे लिहून खाली सही करायची, असं सरकारचं म्हणणं होतं. सरकारला बोटीचं माहीत नव्हतं. मार्लीनला होतं.

पेगी गोर्सिच शाळेच्या ऑफिसात पैशांचं बघते. पहिलीपासून ती मार्लीनच्या वर्गात होती आणि पहिलीपासून तिची पेन्सिल टोकदार असे.

"तू एवढंच लिहून दे," मार्लीन तिच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. "फी सात हजार चारशेच होती. ती सगळी भरली. अकराशे बावन्न दिले ते माझ्या कामाचे दिले."

"कामाचे म्हटलं की पगार झाला गं."

"झाला तर झाला. त्यावर कर भरते."

"पगार म्हटलं की तू नोकर. तू नोकर, तर खाली तळघरात चौऱ्याऐंशी जण आहेत ते सगळे नोकर. त्यांचे कर कापायला हवे होते, विमा हवा होता. बिशपांचे वकील मला कच्ची खातील."

"मग काय म्हटलंयस तू त्याला?"

पेगीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "सूट. नवीन प्रोग्रॅममध्ये तीच एक जागा आहे. सूट म्हटली की फी कमी होते. फी कमी झाली म्हणून तुझे जास्त झाले."

"शिष्यवृत्ती म्हण."

"शिष्यवृत्ती पोरीला मिळते. मासे तू तळलेस. शिवाय त्याला कमिटी लागते."

"मग मी ते अकराशे बावन्न परत आणून देते. फी पूर्ण करून घे."

"दोन वर्षं झाली मार्लीन, ते वर्ष बंद झालं. आता दिलेस तर देणगी म्हणून घेईन. देणगी म्हणजे फी नाही."

मार्लीनने डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक गुळगुळीत चट्टे होते, काही जुने, काही फार जुने नाहीत. "हे सूट घेताना झाले का?"

पेगीने बघितलं आणि मान खाली घातली. मग टेबलाखालून पर्स काढली. "अगं एकशे एक डॉलरचा तर प्रश्न आहे. मी देते. आत्ता देते, कुणाला सांगायचं नाही. चाळीस वर्षं तुझ्या हातचा मासा खाल्लाय मी."

मार्लीन त्या पर्सकडे बघत राहिली. पेगीने ती मिटून जागेवर ठेवेपर्यंत बघत राहिली.

त्या आठवड्यात तिने उत्तर लिहिलं. कर्टने छापील मजकूर देऊ केला होता, तो तिने घेतला नाही. टेसाच्या वहीतले दोन कागद घेतले, हाताने लिहिलं, आणि टेसाला वाचायला दिलं.

'२०२२ साली मी सात हजार चारशे डॉलर माझ्या नातीच्या शाळेची फी म्हणून काढले आणि त्या दिवशी ती सगळी फी भरली. डिसेंबरात शाळेने अकराशे बावन्न डॉलर परत दिले, कारण मी शहाण्णव तास मासे तळले होते. त्या पैशांतून मुलीला चष्मा केला, त्याशिवाय तिला फळा दिसत नाही, आणि एक वाद्य घेतलं, ते ती शाळेतच वाजवते. दोन्ही पावत्या जोडल्या आहेत. तुमच्या नियमाने कर होत असेल तर एकशे एक डॉलरचा चेक सोबत आहे, तो घ्या. पण पैसे शिक्षणासाठी वापरले नाहीत हे मी लिहून देणार नाही, कारण ते खोटं आहे. हे पत्र कुणीतरी वाचावं आणि वाचल्याचं कळवावं. मार्लीन कोबल.'

"आजी, क्लॅरिनेट मी घरी पण वाजवते," टेसा म्हणाली.

मार्लीनने 'शाळेतच' मधला 'च' खोडला. खोटं नको होतं तिला.

सहा फेब्रुवारीला तिने ते जाड पाकीट पोस्टात रजिस्टर केलं आणि पोचपावती मागितली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, आत काय मौल्यवान आहे का? ती म्हणाली, हो.

इकडे पेगीने घाबरून फादरांना सांगितलं होतं. फादर ब्रेंडन चौतीस वर्षांचे आहेत, गिटार वाजवतात, आणि त्यांना कुणाचंही वाईट व्हावं असं वाटत नाही, त्यामुळे ते सगळं वकिलांना विचारून करतात. अकरा फेब्रुवारीच्या रविवारी, मिसा संपताना, त्यांनी जाहीर केलं की काही तांत्रिक अडचणींमुळे यंदापासून जादा तासांचे पैसे फीत वळते होणार नाहीत. चाळीस तासांची अट राहील. त्यापुढची सेवा ही शुद्ध सेवा राहील. मग सगळ्यांनी उभं राहून शेवटचं गाणं म्हटलं.

त्यांनी नाव घेतलं नाही. गाड्यांपर्यंत पोचेतो ते सगळ्यांना माहीत होतं.

"थँक्यू हं, मार्लीन," तीन मुलांची एक आई गाडीचं दार उघडताना म्हणाली. "माझे गेल्या वर्षी नऊशे वाचले होते. तुझे एकशे एक वाचले का?"

"मी ते भरलेत."

"मग कशासाठी केलंस हे सगळं?"

मार्लीनकडे उत्तर होतं, पण ते गाड्या लावायच्या जागेत उभ्याने देण्यासारखं नव्हतं. टेसा पुढच्या सीटवर बसून काचेवर वाफ सोडत होती.

उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी ती येणार नाही, असं सगळे धरून चालले होते. ती पावणेदोनला आली, नेहमीसारखी, पाळी संपवून. तळघरातल्या बायका बटाटे सोलत होत्या त्या जास्तच भराभर सोलायला लागल्या. फ्रिजवरचा तासांचा कागद काढून टाकलेला होता. चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते, चार कोपऱ्यांना, आणि मधली जागा आजूबाजूपेक्षा पांढरी दिसत होती. मार्लीनने ॲप्रन बांधला, पिठात बिअर ओतली, तेल तापवायला लावलं. तिला कुणी विचारलं असतं की तू का आलीस, तर ती म्हणाली असती, चारशे माणसं जेवायला येणार आहेत. कुणी विचारलं नाही.

साडेपाचला रांग जिन्यावरून वर बाहेर बर्फात गेली. सहाला फादर ब्रेंडन स्वयंपाकघरात आले. ते दर शुक्रवारी येतात, सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवतात, एक बटाट्याचा तुकडा उचलतात आणि जातात. या वेळी ते तळणीपाशी थांबले.

"मिसेस कोबल, तुम्ही आलात, खरंच फार बरं वाटलं."

"जरा मागे व्हा फादर. तेल उडतं."

ते मागे झाले. "तुमच्या मनात काही राहू नये असं मला वाटतं. आम्ही जे ठरवलं ते तुमच्यासारख्यांना त्रास होऊ नये म्हणूनच. आणि खरं सांगू, काही न घेता केलेल्या कामाला एक वेगळं समाधान असतं."

मार्लीनने जाळी उचलली, तेल निथळू दिलं, सोनेरी तुकडे ट्रेवर उलटे केले. दुसरी जाळी सोडली. तेलाचा आवाज चढला आणि उतरला.

"मी पैसे मागितले नव्हते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण बटाट्यांच्या टेबलावरच्या सुऱ्या थांबल्या. "मी विचारलं होतं, मी केलं ते काय होतं. पगार म्हणा, सूट म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण एक काहीतरी म्हणा आणि लिहून द्या. तुम्ही सगळे बसलात, वकिलांना विचारलंत आणि सांगितलंत की ते काहीच नव्हतं. चौऱ्याऐंशी जणांचं काहीच नव्हतं."

"तसं नाही, मिसेस कोबल. वकिलांचं म्हणणं असं होतं की..."

"ते खातात का मासे?"

"कोण?"

"वकील. खात असतील तर डबा भरून देते. सोळा डॉलर प्लेट."

कुणीतरी बटाट्यांच्या टेबलावर खोकल्यासारखं केलं. फादरांचा चेहरा लाल झाला. उष्णता तिथे असतेच. ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." मार्लीन म्हणाली, "करा. पण तिकडे उभे राहून करा, इथे रस्ता अडतोय." ते गेले. बटाट्याचा तुकडा उचलायचं राहिलं. तीन मुलांची ती आई ट्रे न्यायला आली, तिने मार्लीनकडे बघितलं, आणि रिकामा ट्रे ठेवताना आपल्या खांद्यावरचं ओलं फडकं काढून तिच्या हातावर टाकलं. हातावर नवीन चट्टा उठला होता. मार्लीनने तो अजून पाहिला नव्हता.

त्या रात्री चारशे बारा प्लेटी गेल्या.

मंगळवारी कर खात्याचं पत्र आलं. पाकीट पातळ होतं. मार्लीनने या वेळी बूट काढले, पण पत्र उघडलं नाही. कर्टच्या ऑफिसात घेऊन गेली आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. तिच्यापुढे दोन गिऱ्हाइकं होती. ती खुर्चीत ताठ बसून राहिली. कर्टने त्यांना वाटेला लावलं आणि पत्र फोडलं.

"मिटलं, मावशी," तो म्हणाला. "बघ. 'आपण पाठवलेली माहिती आम्ही मान्य केली आहे. आपल्याकडून काहीही येणं नाही. हे प्रकरण बंद करण्यात आलं आहे.' बंद. संपलं. म्हटलं नव्हतं मी?"

"मान्य केलं म्हणजे काय मान्य केलं?"

"की पैसे शाळेसाठी होते. सगळे."

मार्लीनचे खांदे जरासे खाली आले. पाच आठवडे ते तसे वर राहिले होते, हे कर्टच्या आता लक्षात आलं.

"वाचलं तर त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं नाही वाचणार. चष्म्याच्या पावतीबद्दल काही लिहिलंय?"

कर्टने पत्र पुन्हा हातात घेतलं, या वेळी वरून वाचायला सुरुवात केली, आणि वरच थांबला.

"काय?"

"काही नाही."

"कर्ट."

"तारीख एकोणतीस जानेवारी आहे, मावशी." त्याने पत्र तिच्याकडे वळवलं. "पोस्टात पडून राहिलं असणार. त्यांनी फॅक्सवरच मिटवलंय. त्या ऑगस्टच्या बिलावर. तुझं पत्र तू पाठवलंस तेव्हा इकडे सगळं आटपलं होतं. वाचायचं काही कारणच नव्हतं त्यांना."

बाहेर नखांच्या दुकानातली मुलगी पायरीवर मीठ टाकत होती. मार्लीन तिच्याकडे बघत बसली. कर्टला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून तो म्हणाला, निदान तो एकशे एकचा चेक तरी थांबव, बँकेत फोन कर, मी लावून देतो. त्याने फोन लावून दिला. तिने आपलं नाव सांगितलं, खात्याचा आकडा सांगितला, थांबली, "बरं" म्हणाली आणि फोन परत दिला.

चेक शुक्रवारीच वटला होता.